फहमिदा बसायला शिकली त्याची गोष्ट

मित्रांनो, मला दोन तोंडे आहेत. पण मी दुतोंडी नाही. एका लाकडी पेटीत शेजारी शेजारी बसवलेल्या या दोन तबकड्या आहेत. एक एका खेळाडूची, दुसरी त्याच्या समोरच्याची. आपली चाल झाली की खेळाडू माझ्या डोक्यावरचा आपल्या बाजूचा खटका दाबतो. लगेच त्याची तबकडी थांबते आणि समोरच्याची चालू होते. मोठा काटा बारावर पोचला की तबकडीवरचे इवलेसे लाल निशाण खाली पडते. ज्याचे निशाण पडले तो हरला. मग पटावर त्याचा राजा कितीही थाटात उभा असो. असे मी बुद्धिबळाचे जुने घड्याळ आहे. विचार माणसे करतात आणि चापट्या मी खातो.

माझा जन्म रशियातल्या एका कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही, कारण मला पहिली चावी मिळाली ती इथेच, आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात. तेव्हा दुकानांच्या पाट्यांवर औरंगाबाद लिहिलेले असे. मुंबईच्या एका प्रदर्शनातून मला आप्पासाहेबांनी आणले. आप्पासाहेब मूळचे बिडकीनचे. घरी शेती, आणि स्वतः पाटबंधारे खात्यात नोकरीला. त्यांनी औरंगपुऱ्यात, इलियासभाईंच्या बांगड्यांच्या दुकानावरच्या खोलीत, एक बुद्धिबळ मंडळ काढले होते. मंडळात एक सतरंजी, काही पट, एक माठ आणि मी. मला टेबलावर ठेवले, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी मला हळदकुंकूही वाहिले. त्यातले थोडे अजून माझ्या खटक्याच्या फटीत आहे.

आप्पासाहेबांना बुद्धिबळाचे वेड होते, पण त्यांच्यासारखा संथ खेळाडू मी उभ्या जन्मात पाहिला नाही. घोड्याला हात लावायचा, हात मागे घ्यायचा, चष्मा पुसायचा, पुन्हा घोड्याकडे बघायचे. त्यांच्याशी खेळणारा माणूस खाली जाऊन भाजी घेऊन येई, चहा पिऊन येई, आणि वर येऊन विचारी, "झाली का चाल?" आप्पासाहेब म्हणत, "बघतोय." बघता बघता त्यांचे निशाण पडे. मंडळात सर्वाधिक वेळा मी त्यांनाच हरवले असेल. पण त्यांनी मला कधी दोष दिला नाही.

दोष देण्याचे काम बद्रीनाथ करी. बद्रीनाथचे शेजारच्या गल्लीत झेरॉक्सचे दुकान होते आणि तो मंडळाचा सगळ्यात तडफदार खेळाडू होता. तो जिंकला तर तो जिंके. हरला तर मी बिघडलेलो असे. "आप्पा, ह्याची डावी बाजू लई पळतीय," असे म्हणून तो मला उलटे करून हलवी. मित्रांनो, माझ्या दोन्ही बाजू तंतोतंत चालत होत्या. पण घड्याळाचे ऐकतो कोण?

एके दिवशी इलियासभाई आपल्या मुलीला बखोटीला धरून वर घेऊन आले. मुलगी सहासात वर्षांची, दोन वेण्या, एका गुडघ्याला पट्टी.

"आप्पासाहेब, हिला थोडं वर बसू द्या," ते काकुळतीने म्हणाले. "खाली राहिली तर दुकानात एक बांगडी साबूत ऱ्हायची नाय. आज पुन्हा एक डबा पाडला."

ती फहमिदा. एका जागी बसणे तिला ठाऊकच नव्हते. तिने माठातले पाणी प्यायले, खिडकीतून खाली वाकून पाहिले, सतरंजीचे धागे ओढले आणि मग तिची नजर माझ्यावर पडली. बद्रीनाथ चाल करून मला फटकन दाबत होता. दाबले की एक बाजू थांबते, दुसरी चालू होते. फहमिदाचे डोळे असे चमकले की मला धडकीच भरली.

"मी दाबू?"

"ए, हात लावू नको," बद्रीनाथ ओरडला. "जो चाल करतो तोच दाबतो."

"मग मी चाल करते."

मित्रांनो, मोठमोठ्या खेळाडूंना लोक विचारतात, तुम्ही बुद्धिबळाकडे कसे वळलात? फहमिदा पुढे मुलाखतींमध्ये काहीबाही छान उत्तरे देत असे. खरे उत्तर मी सांगतो. तिला मला चापट्या मारायच्या होत्या. त्यासाठी चाल करणे भाग होते, आणि चाल करण्यासाठी खेळ शिकणे भाग होते. आप्पासाहेबांनी तिला सोंगट्या कशा चालतात ते दाखवले. घोड्याची अडीच घरे तिला एवढी आवडली की ती जिन्यावरही तशीच उतरू लागली.

पावसाळा संपायच्या आत तिने मंडळातल्या सगळ्यांना हरवले. ती विचार करते आहे असे कधी दिसतच नसे. समोरच्याने सोंगटी सोडली की हिचा हात पटावर आणि तिथून माझ्या डोक्यावर. फाट! मग उठून खिडकीपाशी. समोरचा बिचारा घामाघूम होऊन चाल करी, ती तिथूनच पळत येई, आणि पुन्हा फाट! बद्रीनाथ जेव्हा पहिल्यांदा तिच्याकडून हरला, तेव्हा त्याने पट पाहिला, छत पाहिले, आणि शेवटी मला उचलले.

"आप्पा, आता मातर ह्याला दुरुस्तीला टाकाच."

"बद्री," आप्पासाहेब म्हणाले, "तुझा राजा मेलाय. त्याला घड्याळ काय करंल?"

त्यानंतरची वर्षे माझ्या आयुष्यातली सगळ्यात धावपळीची. जिल्हा, राज्य, देश. लहान मुलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत फहमिदा पहिली आली. स्टेशनपासून औरंगपुऱ्यापर्यंत उघड्या जीपमधून तिची मिरवणूक निघाली. पुढे बँड, मागे मंडळाचे लोक, आणि जीपमध्ये आप्पासाहेबांच्या मांडीवर मी. चौकाचौकात तिच्या चेहऱ्याचे फलक लागले. शाळेने सत्कार केला, व्यापारी संघाने केला, मग ज्यांचा बुद्धिबळाशी काडीचा संबंध नाही अशांनीही केला. प्रत्येक सत्कारात एक शाल आणि एक नारळ. इलियासभाईंच्या घरात नारळांचा एवढा ढीग झाला की फहमिदाची आई शकीला सालनात नारळ, चटणीत नारळ, भातात नारळ घालू लागली. शेवटी इलियासभाई हात जोडून म्हणाले, "पोरी, एखादा डाव हर, पण नारळ नक्को."

एका सत्कारात शहरातल्या एका पुढाऱ्यांना हुक्की आली. बाळाशी एक डाव खेळतो म्हणाले. फोटोही चांगला येईल. व्यासपीठावर पट मांडला, मी मधोमध. छायाचित्रकार कॅमेऱ्यात रीळ भरत होता. त्याचे रीळ भरून होईपर्यंत चौथ्या चालीत पुढाऱ्यांचा राजा मात झाला होता. फहमिदाने मला फाटकन दाबले आणि ती खुर्चीवरून उतरून गेलीसुद्धा. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कार्यकर्त्यांना कळेना. आप्पासाहेब घाईघाईने ध्वनिक्षेपकापाशी गेले आणि म्हणाले, "साहेबांनी मोठ्या मनानं लहान मुलीला उत्तेजन दिलं, त्याबद्दल मंडळ आभारी आहे." मग टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात पुढाऱ्यांनीच वाजवल्या.

पण मित्रांनो, असे दिवस कोणाचेच कायम राहत नाहीत.

फहमिदा चौदा वर्षांची झाली आणि परदेशातल्या स्पर्धांना जाऊ लागली. तिथे मला नेत नसत. तिथे काटे नसलेली, आकडे दाखवणारी नवी घड्याळे आली होती. पण ती परत आली की मंडळात डाव मांडून दाखवी, आणि मी सगळे ऐकत असे. तिथली मुले तिच्या झपाट्याला भीत नव्हती. ती हनुवटीखाली हात घेऊन बसत, बसूनच राहत. फहमिदा चाल करून उठे, फेऱ्या मारी, भिंतीवरची चित्रे बघे. परत येऊन बघते तो काय, तिच्या चालीत एक बारीकशी चूक असे आणि समोरच्याने ती शोधून काढलेली असे. एक स्पर्धा हरली. दुसरी हरली. मग हरणे हेच नेहमीचे झाले.

सत्कार थांबले. वर्तमानपत्रात एकाने लिहिले की ही बालपणीची चमक होती, विझली. फलक उतरले. त्यातला एक पुढे कितीतरी दिवस गुलमंडीजवळ पेरूच्या गाड्यावर ताडपत्री म्हणून होता. फहमिदा तिथून जाताना स्वतःच्याच हसऱ्या चेहऱ्याच्या सावलीत ठेवलेले पेरू बघे आणि मान खाली घालून पुढे जाई.

माझेही दिवस फिरले. मंडळातही आकड्यांची घड्याळे आली. आप्पासाहेबांचे गुडघे गेले, त्यांना जिना चढवेना. बद्रीनाथ मला भंगारात देणार होता, पण इलियासभाईंनी मला दुकानामागच्या माडीवर, आपल्या घरी नेले. तिथे शकीलाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि थेट स्वयंपाकघरात ठेवले. "दोन घड्याळं हैत, बरं झालं," ती म्हणाली. "एक डाळीला, एक बिर्याणीच्या दमाला." ज्या डोक्यावर राष्ट्रीय विजेतीच्या चापट्या पडल्या, त्यावर आता हळदीचे हात पडू लागले. माझी एका वेळी एकच बाजू चालते हे कळल्यावर शकीला आधी डाळ लावी, मग बिर्याणी, आणि लाल निशाण पडले की झाकण उघडी. खोटे कशाला सांगू, अपमान वाटला. पण भात एकदाही करपला नाही, याचा थोडा अभिमानही आहे.

एका दुपारी फहमिदा ओट्यापाशी येऊन उभी राहिली. तेव्हा ती अठराची झाली होती.

"अम्मी, मी खेळणं सोडते."

शकीला कांदा चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली. "सोडून काय करशील?"

"दुकानात बसेन."

"दुकानात?" शकीला म्हणाली. "बेटी, दुकानात बसावं लागतं."

फहमिदाला हसू आले आणि लगेच रडूही. त्याच वेळी खालून इलियासभाईंची हाक आली. आप्पासाहेब आले होते. रिक्षातून उतरून, काठी टेकत, ते दुकानातल्या बाकावर बसले होते.

"पोरी," ते फहमिदाला म्हणाले, "एक डाव खेळशील का? माझ्याशी कुणीच खेळंना बघ. मला बघितलं की बद्री शटर ओढून घेतो."

आता नाही कसे म्हणणार? ज्या माणसाने पहिला घोडा हातात दिला, त्याला नाही म्हणता येत नाही. फहमिदाने पट आणला, आणि आप्पासाहेबांच्या सांगण्यावरून मलाही आणले. माझ्या अंगाला गरम मसाल्याचा वास येत होता. आप्पासाहेबांनी मला हुंगले. "चांगल्या घरी पडला की रं तू," ते म्हणाले.

मग सुरू झाला तो जगातला सगळ्यात रटाळ डाव. आप्पासाहेबांचे निशाण पहिल्या दुपारीच पडले. ते उठू लागले, तशी फहमिदा म्हणाली, "राहू द्या आप्पा. निशाणाचं काय मनावर घ्यायचं? उद्या पुढं खेळू." ते दुसऱ्या दिवशी आले. तिसऱ्या दिवशीही आले. रोज दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, ते पटापाशी बसत आणि बघत. फहमिदा सुरुवातीला त्यांच्या चालीची वाट बघताना बांगड्या लावी, रस्त्यावरची भांडणे बघे, इलियासभाईंशी हुज्जत घाली. पण बांगड्या किती वेळा लावणार? भांडणेही रोज होत नाहीत. शेवटी करायला काहीच उरले नाही, तेव्हा ती पटाकडे बघू लागली.

काही आठवडे असेच गेले. एकदा आप्पासाहेबांची बाजू पार पडल्यात जमा होती. त्यांनी घोड्याला हात लावला, मागे घेतला, चष्मा पुसला. फहमिदा समोर हनुवटीखाली हात घेऊन बसली होती. माझी टिकटिक सोडली तर आवाज नव्हता. आणि एकदम तिचे डोळे मोठे झाले. आप्पासाहेबांनी मात्र नेमका तेव्हाच भलताच हत्ती हलवला.

"आप्पा! उंट होता ना तुमचा!" फहमिदा कळवळून ओरडली. "उंट तिथं बळी दिला असता, तर मला तो घ्यावाच लागला असता, आणि मग प्यादं पुढं... तुम्ही हरतच नव्हता!" तिने भराभर चाली मांडून दाखवल्या. शेवटी डाव खरोखरच बरोबरीत सुटत होता.

आप्पासाहेबांना त्यातले निम्मेच कळले असावे. "हे कधी दिसलं तुला?"

"तुम्ही बघत होता तेव्हा. मला दुसरं काय काम होतं?"

"अन् मी झटपट खेळलो असतो तर?"

फहमिदाने उंट पुन्हा त्याच्या घरात ठेवला. मग हळूच म्हणाली, "नसतं दिसलं."

त्या दिवसापासून ती स्पर्धांच्या तयारीला लागली. दुपारचा डाव मात्र तिने सोडला नाही. खुर्चीवरून उठायचे नाही, असा तिने स्वतःशीच नेम केला. तिला फार जड गेले. पाय हलत, बोटे टेबलावर नाचत. एकदा तर तिने आपली ओढणी खुर्चीला बांधून घेतली आणि दाराशी गिऱ्हाईक आल्यावर खुर्चीसकट उठली. पण हळूहळू ती बसू लागली. बसू लागली तशी जिंकू लागली. आणि एक दिवस हंगेरीतून तिचा फोन आला, की शेवटचा डाव जिंकला तर ती ग्रँडमास्टर होणार आहे. बुद्धिबळात याच्यावर किताब नाही.

त्या दुपारी सगळे जुन्या मंडळात जमले. बद्रीनाथने आपल्या दुकानातला संगणक उचलून वर आणला होता. तिकडे चाल झाली की इकडे पडद्यावर सोंगटी हलत असे. आप्पासाहेबांना इलियासभाई आणि बद्रीनाथ यांनी खुर्चीसकट जिना चढवून आणले. शकीलाला बुद्धिबळ कळत नव्हते, पण मी कळत होतो. तिने मला स्वयंपाकघरातून सोबत आणले आणि आप्पासाहेबांना म्हणाली, "तिकडं जेवढा टाइम हाय, तेवढाच ह्याच्यात लावा. तिचं निशाण पडायला किती बाकी ऱ्हायलं, ते मला दिसू द्या." आप्पासाहेबांनी काटे लावले. पडद्यावर चाल झाली की ते मला हळूच दाबत. बऱ्याच वर्षांनी मी पुन्हा स्पर्धेचा डाव खेळत होतो.

डाव रंगत गेला, आणि एकदम बद्रीनाथ उभा राहिला. "हत्ती! तिला हत्ती फुकट मिळतोय! घे पोरी, घे!" सगळ्यांनाच दिसत होते. लहानपणची फहमिदा असती, तर हत्ती केव्हाच पटाबाहेर गेला असता.

पडद्यावर काहीच हलले नाही.

सगळे थांबले. आणखी थांबले. "नेट गेलं!" बद्रीनाथने जाहीर केले. त्याने वायर काढून पुन्हा खुपसली. पडद्यावर तोच पट. त्याने मॉडेमवर चापट मारली. मला त्या मॉडेमचे दुःख कळले. बद्रीनाथने कंपनीला फोन लावला आणि तिथल्या माणसाला फैलावर घेतले. तो माणूस म्हणत राहिला की तुमचे नेट चालू आहे. खात्री करायला बद्रीनाथने क्रिकेटचा धावफलक उघडला. तो झकास चालू होता.

"क्रिकेट चालतंय, मग बुद्धिबळच कसं अडकलं?"

"अडकलं नाय," आप्पासाहेब खुर्चीतून म्हणाले. "बसलीय ती."

"कशाला? हत्ती समोर पडलाय!"

"ते मला काय माहीत? मलाबी हत्तीच दिसतोय. पण ती बसलीय, म्हंजी काहीतरी हाय."

शकीलाने मला मांडीवर घेतले होते आणि ती फक्त माझ्या काट्याकडे बघत होती. काटा चढत होता. लाल निशाण हळूहळू वर उचलले जाऊ लागले. मित्रांनो, मला थांबता येत नाही, तो माझा धर्म नाही. पण त्या वेळी थांबता आले असते तर बरे, असे मला वाटले.

आणि पडद्यावर सोंगटी हलली. फहमिदाने हत्ती घेतलाच नाही. तिने आपला राजा एक घर बाजूला सरकवला.

"गेला डाव," बद्रीनाथ कपाळाला हात लावून म्हणाला.

पण तो हत्ती म्हणजे सापळा होता. तो घेतला असता, तर समोरच्याने शहावर शह देत डाव बरोबरीत सोडवला असता. राजा सरकला आणि सगळे शह संपले. थोड्याच चालींत हंगेरीतल्या त्या खेळाडूने हार मान्य केली. बद्रीनाथने आप्पासाहेबांना खुर्चीसकट उचलायचा प्रयत्न केला. इलियासभाई रडत होते. शकीलाने विचारले, "जिंकली ना? नक्की?" आणि मग मला बंद करायला विसरून ती सगळ्यांसाठी शिरखुर्मा करायला घरी पळाली.

पुढे फहमिदा जगातल्या निवडक खेळाडूंमध्ये जाऊन बसली. आता ती या देशातून त्या देशात असते. तिच्या खेळावर लिहिणारे सांगतात की तिच्याइतका धीराचा खेळाडू विरळा. हे वाचले की इलियासभाईंना ठसका लागतो.

वर्षातून एकदा ती घरी येते, तेव्हा आप्पासाहेब येतात. आता त्यांची ऐंशी उलटली आहे. गेल्या खेपेला दोघे दुकानात पट मांडून बसले. चाल आप्पासाहेबांची होती. त्यांनी घोड्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहिला. जरा वेळाने त्यांची मान छातीवर आली. त्यांना झोप लागली होती. माझा काटा मात्र चालू होता, आणि त्यांचे निशाण उचलले गेले होते.

शकीला दारातून काही म्हणणार होती, तेवढ्यात फहमिदाने ओठांवर बोट ठेवले. मग तिने हात लांबवला आणि माझे दोन्ही खटके अलगद मधोमध आणले. असे केले की मी दोन्ही बाजूंनी थांबतो. ती तशीच बसून राहिली, पटाकडे बघत.

बऱ्याच वेळाने आप्पासाहेबांनी डोळे उघडले. "चाल कुणाची?" त्यांनी गडबडून विचारले.

"माझी, आप्पा," फहमिदा म्हणाली. "मीच बघतेय."

"बघ, बघ. निवांत बघ," आप्पासाहेब म्हणाले, आणि चष्मा पुसू लागले.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखे एखादे जुने घड्याळ असेल, तर त्याला आठवणीने चावी द्या. फिरते तेवढीच फिरवा. अडली तर जोर करू नका. आणि घरात एखादे संथ माणूस असेल, तर कधी तरी त्याच्यासमोर थोडे बसा. तोंडाकडे बघून त्याला घाबरवू नका. ते जिकडे बघत असेल तिकडे बघा.